कुसलेलं पाणी

गणपती होऊन आठवडाभर झाला होता, आणि वेंगुर्ल्याहून मामाचा फोन आला. मामाचा फोन ठरलेल्या क्रमाने चालतो. आधी पाऊस किती झाला, मग सुपारीला भाव काय, मग गावात कोण आजारी आणि कोण गेलं, आणि सगळ्यात शेवटी मासे. जन्मभर पोस्टात नोकरी केली त्याने, होडीत बसला असेल तो चार-दोनदाच. पण घर बंदरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे समुद्राच्या बातम्या त्याला वर्तमानपत्राच्या आधी कळतात.

"अगो, ट्रॉलरवाले रिकामे इले," मामा म्हणाला. "आणि हय रापणीत मासळीच मासळी. लोक टोपल्यो घेवन धावतत."

"असं कसं रे मामा?"

"तळाचा पाणी कुसला असतला. मग मासे खंय जातले? कडेक येतले."

मी हसले. पाणी कसं कुसेल? पाणी म्हणजे काय फ्रीजमध्ये विसरलेली भाजी आहे? केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलेली भाची (त्याचा पुढे काहीही उपयोग न केलेली, पण तरीही!) मामाला दहा मिनिटं समजावत बसली की मासे प्रवाहाबरोबर फिरतात, खाण्यामागे जातात वगैरे वगैरे. मामाने सगळं ऐकून घेतलं आणि "बरां, बरां" म्हणून फोन ठेवला. आमच्याकडे "बरां, बरां" याचा अर्थ "तुला काही कळत नाही" असा होतो, हे नातेवाइकांना सांगायला नकोच.

ते "बरां, बरां" डोक्यातून जाईना. म्हणून शोधायला बसले, आणि पुढचे पंधरा दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. जे सापडलं ते इथे लिहून ठेवतेय. थोडं लांबलंय, चहा घेऊन बसा.

*

लहानपणी मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं ओहोटीच्या वेळी खाडीत उतरायचो. तिथला चिखल आठवतोय? वर पातळशी तांबूस-तपकिरी साय, आणि पायाचा अंगठा जरा आत रुतवला की खाली काळाकुट्ट गाळ. अंगठ्याबरोबर वर यायचा तो सडक्या अंड्यांचा वास. एकदा मी पायात पैंजण घालूनच उतरले होते. संध्याकाळपर्यंत चांदी काळी पडली आणि आईने जे काय ऐकवलं ते अजून लक्षात आहे. पुढे कॉलेजात गेल्यावर कळलं की तो वास हायड्रोजन सल्फाइडचा आणि पैंजणांवरचा काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा. पण वरची तांबूस साय आणि खालचा काळा गाळ यांच्यामध्ये केवढा इतिहास दडलाय, हे मात्र आत्ता या पंधरा दिवसांत कळलं.

ती तांबूस साय म्हणजे साध्या भाषेत लोखंडाचा गंज. जिथपर्यंत पाण्यातला ऑक्सिजन पोचतो तिथपर्यंत गाळातलं लोह गंजलेल्या रूपात असतं. किनाऱ्याजवळच्या गाळात ही हद्द फार खोल नसते, बहुतेक ठिकाणी काही मिलिमीटरच. त्याच्या खाली ऑक्सिजन नाही. पण जीव आहेत, कोट्यवधी जिवाणू आहेत, आणि वरून सतत पडणारं मेलेलं प्लवक, माशांची विष्ठा, कुजका पाला हे सगळं खायला ते बसलेले आहेत. खायचं तर श्वास हवा. मग ऑक्सिजन नसताना ते काय करतात?

घरातला पैसा संपायला लागला की आपण काय करतो? आधी खिशातली रोकड वापरतो. ती संपली की बँकेतली शिल्लक. मग मुदतठेव मोडायची, मग दागिने काढायचे, आणि काहीच उरलं नाही की गावची जमीन विकायला काढायची. गाळातल्या जिवाणूंचा व्यवहार अगदी ह्याच क्रमाने चालतो. रोकड म्हणजे ऑक्सिजन, त्यात सगळ्यात जास्त फायदा. तो संपला की नायट्रेट. ते संपलं की मँगॅनीजची ऑक्साइडं, मग लोहाची (म्हणजे आपली तांबूस साय). आणि मग समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट.

हे सल्फेट म्हणजे गावची जमीन. एक लिटर समुद्राच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम ६-७ मिलिग्रॅम मावतो, तोही पाणी ताजं, वारं लागलेलं असेल तर. सल्फेट मात्र त्याच लिटरमध्ये २.७ ग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे समुद्राच्या तळाला श्वासाची ददात कधीच नाही. पण जमीन विकली की घरात भांडणं होतात, तसा सल्फेट वापरला की हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो विषारी. त्याने मासे मरतात, शिंपल्या मरतात, गाळात बिळं करून राहणारे किडे मरतात. हे किडे बिचारे आयुष्यभर आपल्या बिळांतून वरचं पाणी आत ओढत असतात, त्यामुळे गाळात थोडा खोलवर ऑक्सिजन जातो. ते गेले की तोही मार्ग बंद.

म्हणजे तळाचं पाणी कसं आहे त्यावर गाळाची केमिस्ट्री ठरते. वरच्या पाण्यात ऑक्सिजन असेल तर कुसणं गाळाच्या आत, सायीखाली, झाकून चालू राहतं. वरचाच ऑक्सिजन संपला की साय विरते आणि आतलं सगळं बाहेर पडतं. मामाचं "कुसला" हे क्रियापद, दुर्दैवाने, अगदी बरोबर होतं.

*

हे सगळं माणसाला कळलं कसं, ही गोष्ट मला केमिस्ट्रीपेक्षाही जास्त आवडली.

जॉन मरे नावाचा एक माणूस होता. कॅनडात जन्मलेला, स्कॉटलंडमध्ये शिकलेला. १८७२ ते १८७६ अशी साडेतीन वर्षं चॅलेंजर नावाचं ब्रिटिश जहाज जगातले समुद्र मोजत फिरलं, त्यावर हा तरुण निसर्गअभ्यासक म्हणून होता. परत आल्यावर त्याने जगभरच्या तळांवरून वर काढलेला चिखल अभ्यासायला घेतला आणि आल्फोन्स रेनार या बेल्जियन भूशास्त्रज्ञाबरोबर १८९१ साली त्यावर जाडजूड ग्रंथ काढला. त्यात किनाऱ्यांजवळच्या 'निळ्या चिखला'चं वर्णन आहे: आत निळसर-काळा, वर तांबूस किंवा तपकिरी थर, आणि बऱ्याचदा हायड्रोजन सल्फाइडचा वास. वाचता वाचता मी आमच्या खाडीत उभी होते.

मरे तिथेच थांबला नाही. रॉबर्ट आयर्विन याच्याबरोबर त्याने ह्या चिखलात मुरलेलं पाणी तपासलं, आणि १८९५ साली दोघांनी लिहिलं की वरच्या समुद्राच्या पाण्यापेक्षा त्यात सल्फेट कमी आहे. म्हणजे कोणीतरी ते खातंय. योगायोग असा की त्याच १८९५ साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात मार्टिनस बायेरिंक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने सल्फेट वापरून जगणारा जिवाणू शोधून काढला. एकाने चोरी पकडली, दुसऱ्याने चोर! :)

आणि विंकलरला विसरून कसं चालेल? १८८८ साली लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने पाण्यातला ऑक्सिजन मोजायची पद्धत काढली. बी.एस्सी.ला आम्ही हे टायट्रेशन केलंय. स्टार्च टाकला की निळं होतं, आणि ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत गेलं की एका थेंबाला निळा रंग पटकन जातो. त्या एका थेंबाच्या घाईत माझे तीन वेळा मार्क गेलेत. पण जहाज हलत असतानाही करता येईल अशी ही सोपी पद्धत हाती आली म्हणूनच समुद्रात ऑक्सिजन कुठे आहे आणि कुठे नाही याचा नकाशा काढणं शक्य झालं.

मरेकडे परत येते, कारण त्याचा पुढे आपल्या समुद्राशी संबंध येतो. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावरच्या दगडाचा एक तुकडा त्याच्या हातात आला. त्यात भरपूर फॉस्फेट आहे हे त्याने ओळखलं. खतासाठी फॉस्फेट हवंच होतं. बेट ब्रिटिशांनी ताब्यात घेतलं, कंपनी निघाली, खाणी चालू झाल्या आणि मरे श्रीमंत झाला. ख्रिसमस बेटातून सरकारला मिळालेली रक्कम चॅलेंजरच्या सगळ्या खर्चापेक्षा जास्त आहे, असं तो नंतर अभिमानाने सांगत असे. १९१४ साली मोटार अपघातात तो गेला. जाताना पैसा समुद्राच्या संशोधनासाठी ठेवून गेला.

त्या पैशातून १९३३ साली एक जहाज अरबी समुद्रात आलं.

*

जहाजाचं नाव 'मबाहिस'. इजिप्त सरकारचं, लहानसंच. सप्टेंबर १९३३ मध्ये अलेक्झांड्रियाहून निघालं आणि मे १९३४ मध्ये परतलं. मोहिमेचे प्रमुख होते सेमूर स्यूएल, जे त्याआधी आपल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे संचालक होते. खलाशी बहुतेक इजिप्शियन. जहाजावरचे डॉक्टर हुसेन फौझी पुढे इजिप्तमधले नामवंत लेखक झाले.

ह्या लोकांनी अरबी समुद्रात ठिकठिकाणी बाटल्या सोडल्या आणि विंकलरची टायट्रेशनं केली. जे दिसलं ते विचित्र होतं. वरचं पाणी ठीक, अगदी खोलचंही ठीक, पण मधल्या जाड थरात, साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरच्याही खालीपर्यंत, ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. आणि हा थर जिथे उतारावरच्या तळाला टेकतो, तिथे अरबस्तानच्या बाजूला त्यांच्या जाळ्यात हिरवट चिखल आला. सल्फाइडचा वास मारणारा. आणि त्यात जिवंत प्राणी नाहीत.

म्हणजे ज्या चिखलावर मरेने आयुष्य घालवलं, त्याच वासाचा चिखल त्याच्याच पैशाने निघालेल्या जहाजाला सापडला.

तिकडे कराचीसमोरच्या उतारावर तर पुढे याहून नवल सापडलं. बिळं करणारे किडेच नाहीत, त्यामुळे गाळ कोणी ढवळत नाही. दर वर्षीचा थर वर्षाच्या वर्षी पातळ पापुद्र्यासारखा साचत जातो, आंब्याच्या साठांसारखा. आज शास्त्रज्ञ तो उलगडून हजारो वर्षांच्या पावसाळ्यांचा इतिहास वाचतात. जिथे जीव जगू शकत नाही तिथेच इतिहास सगळ्यात चांगला टिकतो, हे वाचून मी जरा वेळ नुसतीच बसले होते.

पण हे सगळं खोल समुद्रातलं. मामाच्या रापणीशी याचा काय संबंध?

तर १९५९ साली 'नेचर' या विख्यात नियतकालिकात एक लेख आला. लेखक चौघं: कॅरुथर्स, गोगटे, नायडू आणि लेव्हास्तू. (गोगटे हे नाव बघून मला जो आनंद झाला तो फक्त मराठी माणसालाच कळेल!) विषय: मुंबईसमोर हा कमी ऑक्सिजनचा थर उतारावरून किनाऱ्याकडे चढतो, आणि त्याचा मासेमारीवर परिणाम होतो. त्याच सुमारास खाली कोचीनला कार्ल बान्से हे जर्मन शास्त्रज्ञ तेच बघत होते. पावसाळ्यात खालचं थंड, ऑक्सिजन नसलेलं पाणी उथळ समुद्राच्या तळावर सरकत येतं आणि तळाला ओढलेल्या जाळ्यातून मासे नाहीसे होतात. त्यांचाही पहिला लेख १९५९ सालचाच.

म्हणजे मामाने फोनवर जे सांगितलं ते १९५९ सालीच छापून आलं होतं. आणि मी त्याला प्रवाह समजावत होते!

*

आता गोव्याकडे. कांदोळीच्या किनाऱ्यावर तुमच्यापैकी निम्मे तरी जाऊन आले असतील. २००० सालच्या पावसाळ्यात तिथे 'रिव्हर प्रिन्सेस' नावाचं जहाज रुतलं आणि पुढची कितीतरी वर्षं तसंच उभं होतं. आपण सगळ्यांनी त्याच्यासमोर फोटो काढलेत. त्या फोटोंच्या मागे, किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटर आत, पंचवीस-तीस मीटर पाण्यात एक जागा आहे. तिथे काहीच दिसत नाही. पण दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक १९९७ पासून वर्षानुवर्षं तिथे जाऊन बाटल्या सोडत आलेत. (ही संस्था १९६६ साली निघाली, हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेनंतर.)

त्यांच्या नोंदींतून जे वर्षाचं चक्र दिसतं ते असं. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो आणि खालचं थंड पाणी उथळ तळावर चढतं. ते आधीच ऑक्सिजनमध्ये गरीब. त्यात आपल्याकडचा पाऊस! तीन-तीन मीटर पाऊस, सगळ्या नद्या फुगलेल्या. हे गोडं, हलकं पाणी समुद्रावर पाच-दहा मीटरांचं झाकण घालतं. वर २७-२८ अंशांचं पाणी, खाली २२-२३ अंशांचं, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. वरून हवा खाली पोचत नाही. वर प्लवक मात्र जोरात वाढतं, मरतं आणि खाली पडतं. म्हणजे जेवण भरपूर, श्वास बंद.

मग हिशोब ओळीने चालतो. जुलैपर्यंत रोकड संपत येते. ऑगस्टमध्ये नायट्रेट. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड येतो. म्हणजे गाळातला क्रम गाळातच न राहता वरच्या पाण्यातही घडतो. १९९९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ह्या लोकांना तो पाण्यात सापडला, आणि नायट्रेट मोडताना निघणारा नायट्रस ऑक्साइडही इतका सापडला की समुद्राच्या पृष्ठभागी तोवर कुठे तेवढा मोजलेला नव्हता. हा तोच लाफिंग गॅस, पण हसण्यासारखं काही नाही. उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास पावणेतीनशे पट आहे. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांचा यावरचा लेख २००० साली 'नेचर'मध्ये आला. आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोरचा हा दर वर्षीचा कोंडलेला पट्टा त्यांनी सुमारे १,८०,००० चौरस किलोमीटर धरला. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून जास्त!

आणि मग नोव्हेंबर. प्रवाह उलटतो, झाकण विरतं, तळाला पुन्हा हवा लागते. गाळावर ती तांबूस साय पुन्हा धरते.

हा नोव्हेंबर लक्षात ठेवा. माझ्या मते सगळी गोष्ट तिथे आहे.

*

त्यासाठी थोडं इंग्लंडला जाऊन यायला लागेल. १९४१-४२ साल, महायुद्ध ऐन भरात, आणि विंडरमिअर तळ्याकाठी क्लिफर्ड मॉर्टिमर नावाचा माणूस टाक्यांमध्ये चिखल भरून बसलाय. एका टाकीतल्या पाण्याला हवा देतो, दुसऱ्या टाकीला नाही. हवेच्या टाकीत चिखलावर तपकिरी साय टिकली आणि पाणी जसंच्या तसं राहिलं. बिनहवेच्या टाकीत साय विरली, आणि चिखलातून पाण्यात लोह आलं, अमोनिया आला, फॉस्फेट आलं. जर्मनीत आइन्झेलेने १९३० च्या दशकात लोह आणि फॉस्फेटचं हे नातं सांगितलं होतंच. लोहाचा गंज फॉस्फेटला घट्ट धरून ठेवतो. ऑक्सिजन गेला की गंज विरघळतो आणि धरलेलं सगळं सोडून देतो.

म्हणजे तांबूस साय हे कुलूप आहे. वर्षानुवर्षं साचलेलं फॉस्फेट त्याच्या आत बंद. कुलूप निघालं की तेच फॉस्फेट पाण्यात, म्हणजे खत परत पाण्यात, म्हणजे आणखी प्लवक, आणखी कुसणं, आणखी ऑक्सिजन खर्च. आपणच आपल्याला गाळात ओढायचं. हा शब्दप्रयोग मराठीत आला तेव्हा कोणाला केमिस्ट्री ठाऊक नव्हती, पण काय चपखल बसलाय!

तळ्यात एक बरं असतं. हवा परत आली की लोह पुन्हा गंजतं आणि फॉस्फेट पुन्हा धरतं. समुद्रात सल्फेट असल्यामुळे भानगड वाढते. सल्फाइड लोहाला पकडतो, आधी काळा आयर्न सल्फाइड होतो, मग पायराइट, सोन्यासारखं चमकणारं खनिज. पायराइटमध्ये अडकलेलं लोह सहजी परत येत नाही. म्हणजे कुलूप नुसतं उघडलं जात नाही, त्याचं लोखंडच वितळवून नेलं जातं.

बाल्टिक समुद्रात हे झालंय. त्याचं तोंड डेन्मार्कजवळ अरुंद, खोल पाणी खारं आणि जड, ते बदलायला मोठ्या वादळांची वाट बघायची. म्हणजे नोव्हेंबर दर वर्षी येत नाही, कधीकधी वर्षानुवर्षं येत नाही. कमी ऑक्सिजनचा तिथला तळ ११५ वर्षांत, म्हणजे १८९८ ते २०१२ या काळात, सुमारे ५,००० चौरस किलोमीटरवरून ६०,००० च्या वर गेला. आणि डॅनियल कॉनली व सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवून दिलं की बाल्टिकमधलं फॉस्फेट वर्षागणिक कमीजास्त होतं ते जमिनीवरून त्या वर्षी किती आलं त्यावरून नव्हे, तर किती तळ ऑक्सिजनविना आहे त्यावरून. काठावरच्या देशांनी सांडपाणी सुधारलं, खतं आवरली, खूप पैसा खर्च केला. पण आजोबांच्या पिढीत तळाशी गेलेलं फॉस्फेट नातवंडांच्या पिढीत परत वर येत राहिलं. गाळ विसरत नाही.

*

आता मामाचा प्रश्न. हे सगळं मी त्याला फोनवर सांगितलं (पाऊण तास!). शेवटी त्याने एकच विचारलं, "म्हणजे चूक आमची की समुद्राची?"

ह्याचं उत्तर एका वाक्यात देता आलं असतं तर बरं झालं असतं.

समुद्राचा वाटा जुना आहे. मबाहिसला १९३३ साली तो थर सापडला, तेव्हा कोकणात कोण रासायनिक खत घालत होतं? पावसाळी वारे, वर चढणारं पाणी, गोड्या पाण्याचं झाकण हे आपल्या आजोबा-पणजोबांच्याही आधीपासून चालू आहे. रापणीला सप्टेंबरात घबाड मिळतं ते तेव्हाही मिळत असणार.

पण आपला वाटा शून्य म्हणता येत नाही. नक्वींच्या गटाने १९७० च्या दशकातल्या जुन्या नोंदींशी ताडून पाहिलं आणि कोंडमारा वाढल्याची शंका मांडली. जमिनीवरून येणारं खत-सांडपाणी त्याला हातभार लावत असावं, असं त्यांचं म्हणणं. कांदोळीच्या नोंदींत वर्षावर्षांमधले चढउतार मोठे आहेत, त्यामुळे कल काढणं सोपं नाही, आणि शास्त्रज्ञांत त्यावर वाद आहे. वादाबाहेरची गोष्ट ही की पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. १९६० पासून जगातल्या समुद्रांनी मिळून दोन टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन गमावलाय. दोन टक्के ऐकायला काहीच नाही. पण ज्याच्या खिशात आधीच चार आणे आहेत त्याला दोन पैसेही मोजून द्यावे लागतात.

म्हणून मला नोव्हेंबर महत्त्वाचा वाटतो. आपला समुद्र दर वर्षी आजारी पडतो आणि दर वर्षी बरा होतो. जेवढे महिने हवा असते तेवढ्यात गाळ साय धरतो, लोह गंजतं, किड्यांची नवी पिढी बिळं करते, हिशोब बराचसा जुळतो. बाल्टिकला ही सोय नाही. उद्या हा कोंडलेला काळ दोन-तीन आठवड्यांनी वाढला तर किनाऱ्यावरून काही दिसणार नाही. रापणीत कदाचित आणखी मासे येतील आणि लोक खूषच होतील. पण खाली साय धरायला तेवढे दिवस कमी मिळतील. माझी काळजी एवढीच आहे, आणि ती कोणी शास्त्रज्ञ म्हणून नाही, नुसती वाचून आलेली.

मधूनच मला जॉन मरे आठवतो. खताचं फॉस्फेट विकून आलेल्या पैशातून कुसलेल्या पाण्याचा शोध लागला. आज तेच फॉस्फेट आपण शेतात घालतो, त्यातलं थोडं पावसाबरोबर नदीत, नदीतून समुद्रात, आणि समुद्रातून त्या तांबूस सायीच्या कुलपात जातं. मरेचा चिखल आणि मरेचं फॉस्फेट, दोन्हींची गाठ आपल्या दारात पडलीये.

मामाला मी एवढं सगळं सांगितलं नाही. "दोघांची," एवढंच म्हटलं. "पण तू म्हणालास ते बरोबर होतं. पाणी कुसतं."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग मामा म्हणाला, "मगे? मी काय सांगी होतंय?"

आणि मग सुपारीचा भाव सांगायला लागला.

असो. दिवाळीला वेंगुर्ल्याला जायचं ठरतंय. ओहोटीच्या वेळी खाडीत उतरणार आहे, अंगठा रुतवून साय किती जाड आहे ते बघणार आहे. ह्या वेळी पैंजण घरी ठेवून.